दिवेलागणीला तापणारा रेडिएटर

लंडनमधल्या पिनरच्या सुमेधाकाकू रोज दुपारी नवऱ्यासाठी चहा टाकतात, ही बातमी तिथल्या मराठी मंडळात पसरली तेव्हा खरं तर कोणी डोळे वटारायचं कारण नव्हतं. नवऱ्यासाठी चहा टाकणं हा काही गुन्हा नव्हे. पण शशिधरकाका फेब्रुवारीत वारले होते, आणि ही गोष्ट डिसेंबरातली.

आता मंडळ म्हणजे काय, तुम्हाला सांगायला नको. एक म्हणाली, त्यांना डॉक्टरकडे न्या. दुसरी म्हणाली, अहो, त्या स्वतःच डॉक्टर आहेत, आयुष्यभर ऑपरेशनच्या पेशंटना भूल दिली त्यांनी. तिसरीने आवाज खाली आणून सांगितलं की वरच्या खोलीतला रेडिएटर, खोली ऊबदार ठेवणारा तो भिंतीवरचा पत्रा, बंद असला तरी चार वाजता आपोआप तापतो, आणि काकू त्याच्यावर हात ठेवून तासन् तास बोलत बसतात.  समोसे मात्र कोणी खाली ठेवले नाहीत.

हे सगळं ऐकून सुनीती दिघे मंडळातून रीडिंग गावी घरी आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "कस्तुरी, भुताखेतातलं मला काही कळत नाही. पण रेडिएटरमधलं तुला कळतं. जा आणि बघून ये."

कस्तुरीला रेडिएटरमधलं कळतं, ही त्या घरातली दुखरी नस होती. वडील सर्जन, आई शाळेत गणित शिकवणारी, आणि पोरगी रीडिंगच्या एका चकचकीत ऑफिसात सॉफ्टवेअर लिहायला लागलेली. सगळं कसं छान चाललं होतं! मग ते ऑफिस एका सकाळी बंद झालं. बाकीचे नव्या नोकरीच्या मागे धावले. ही बया कॉलेजात जाऊन गॅस आणि हीटिंगचं काम शिकली, पांढरी व्हॅन घेतली, आणि लोकांच्या घरी गुडघ्यांवर बसून घर आणि पाणी तापवणारे बॉयलर उघडायला लागली. वडिलांनी अबोला धरला. मग ऐन नाताळात त्यांच्याच घरचा बॉयलर बंद पडला, दुसरा कोणी यायला तयार होईना, आणि बिचाऱ्यांना बोलावंच लागलं.

आईने स्थळांच्या कागदात 'हीटिंग इंजिनियर' असं लिहिलं होतं. मुलाकडचे 'इंजिनियर' वाचून खूष व्हायचे आणि दारातली व्हॅन बघून गार पडायचे. कस्तुरीला त्याचं काही नव्हतं. भारी हट्टी मुलगी. मोडकं काम तिला बघवायचं नाही. कोणाच्या घरी जेवायला गेली तरी आधी हाताच्या मागच्या बाजूने रेडिएटरला स्पर्श करून बघायची, आणि यजमानीणबाई स्वयंपाकाचं कौतुक ऐकायला उभ्या असताना म्हणायची, "आंटी, हा खालून थंड आहे."

तर अशी ही कस्तुरी एका गुरुवारी दुपारी पिनरला काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

काकूंनी दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा तिला बरं वाटलं. कशा छान दिसत होत्या! गाल लालसर, चेहरा तुकतुकीत. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी, साडीवर जाड कार्डिगन. मग त्या दोन पावलं चालल्या आणि भिंतीला हात लावून थांबल्या.

"डोकं जरा जड आहे गं," त्या म्हणाल्या. "ये. पण हळू बोल. ते वर वाचत बसलेत."

 कस्तुरी हसली आणि म्हणाली, "ओके काकू. आधी मी रेडिएटर बघते."

वरच्या खोलीत काकांचं टेबल जसंच्या तसं होतं. चष्मा, पेन, उलटं ठेवलेलं पुस्तक, आणि त्याच्या बाजूला साय धरलेला चहाचा कप. खिडकीबाहेर सगळी गल्ली करड्या रंगात बुडाली होती. डिसेंबरात तिकडे चारलाच दिवेलागण होते. कस्तुरीने रेडिएटरला हात लावला. थंडगार. त्याची चावी उघडी होती, पण घरभरचं हीटिंग पूर्ण बंद होतं, ते तिने जिन्यातल्या बटणावरच बघून घेतलं होतं.

"थांब जरा," काकू दारातून म्हणाल्या. "येतीलच आता."

खाली कुठेतरी बॉयलर पेटल्याचा भुस्स आवाज झाला. मग काही नाही. दोघी तशाच उभ्या. खोलीत इतकं शांत होतं की काकूंचा श्वास ऐकू येत होता. आणि मग पायाखालच्या फळ्यांतून आवाज आला. टक. टक टक. कोणीतरी पेनाने लाकडावर ठोकावं तसा.

"विचार करताना असंच करायचे," काकू कुजबुजल्या. त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. "बघ आता हात लावून."

कस्तुरीने हात लावला. वरच्या कडेला ऊब होती. ती ऊब हळूहळू खाली सरकत होती, माणूस खुर्चीत टेकताना सैलावतो तशी. तिच्या मानेवरचे केस उभे राहिले. कारण माहीत असूनही उभे राहिले, ही गंमत.

कारण तिला माहीत होतं. असली घरं तिने पाहिली होती. चार वाजता बॉयलरला लावलेल्या घड्याळाच्या हिशेबाने फक्त आंघोळीच्या पाण्याची टाकी तापायला लागायची. ते गरम पाणी परत बॉयलरकडे जाताना चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या नळीतून उलटं वर चढायचं आणि सगळ्यात उंचावरच्या रेडिएटरमध्ये शिरायचं. तांब्याच्या नळ्या तापून फुगल्या की लाकडाला घासून टकटक करायच्या. काका होते तेव्हा पाणी आणि हीटिंग दोन्ही एकदमच लागायचं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. एकट्या राहिलेल्या काकूंनी दुपारचं हीटिंग बंद ठेवलं, आणि ऑक्टोबरअखेर देशभरची घड्याळं तासभर मागे नेतात त्या आठवड्यात काका 'यायला' लागले.

"काकू, हे सगळं कोणी फिट केलं?"

"कोणी म्हणजे? ह्यांनीच." काकूंच्या आवाजात अभिमान होता. "परका माणूस घरात घ्यायचा नाही, हा हट्ट. पुस्तकं आणून, वाचून, सगळं स्वतःच्या हाताने. मी नळी धरायची आणि हे ओरडायचे."

कॉलेजात फिजिक्स शिकवणारा माणूस! गॅसच्या कामाला परवाना लागतो, हे त्यांना ठाऊक नसेल असं कसं होईल? ठाऊक होतं, पण आपल्याला जमतंय हेही ठाऊक होतं. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातचं काम स्वतःला येतंच, असा एक दांडगा विश्वास असतो बघा.

"बॉयलर दाखवा," कस्तुरी म्हणाली.

स्वयंपाकघरामागे एक चिंचोळी खोली होती. दार उघडल्याबरोबर उदबत्तीचा वास अंगावर आला. समोरच्या कोनाड्यात देवघर होतं, आणि त्याच्या अगदी शेजारी, खाली, बॉयलर गुरगुरत होता.

"इथे देव?"

"देवांना थंडी नको वाजायला," काकू म्हणाल्या. "आणि पूर्व दिशा नेमकी इथेच येते."

कस्तुरीने वर पाहिलं आणि तिच्या तोंडून शिवीच निघाली, इंग्रजी, म्हणून देवांनी मनावर घेतली नसावी. बॉयलरचं धुराडं सरळ वर जायला हवं. हे धुराडं वीतभर वर जाऊन काटकोनात वळलं होतं, छताखालून आडवं भिंतीला धरून गेलं होतं, पुन्हा वळलं होतं आणि कुठेतरी बाहेर पडलं होतं. एका जोडावर काळ्या काजळीचा पट्टा उमटला होता.

"हे असं का वळवलं?"

काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की एवढंही कळत नाही का पोरीला. "सरळ नेलं असतं तर देवाच्या डोक्यावरून गेलं असतं ना गं! धूर कोणी नेतं का देवाच्या डोक्यावरून?"

काकूंनी दिवा लावला. रोजचीच वेळ होती ती. तेलाचा छोटा दिवा, मग एक उदबत्ती. कस्तुरी काही बोलणार होती, पण तिचे डोळे ज्योतीवर खिळले. बॉयलर नीट चालत असेल तर तो खोलीतली हवा आत ओढून धुराड्यातून वर पाठवतो. म्हणजे ज्योत बॉयलरकडे झुकायला हवी आणि उदबत्तीचा धूर त्याच्या तोंडात जायला हवा. इथे ज्योत बॉयलरपासून लांब वाकली होती. उदबत्तीचा धूर बॉयलरच्या तोंडापर्यंत जाई, थबके, आणि मागे वळून खोलीत परत येई. आतून कोणीतरी संथपणे फुंकर घालत होतं.

"बघितलंस?" काकू हळूच म्हणाल्या. "श्वास घेतात ते."

कस्तुरीने खिशातलं विषारी वायू मोजणारं मीटर काढलं. धोक्याच्या रेषेपलीकडचा आकडा बघून तिने ते परत खिशात टाकलं. मग भिंतीच्या खालच्या बाजूला हवेसाठी ठेवलेली जाळी शोधली. जाळीत राखाडी लोकर ठासून भरली होती.

"हे काय?"

"ह्यांचा मफलर. वारा यायचा तिथून, दिवा सारखा विझायचा. ह्यांच्यासाठी लावलेला दिवा विझू कसा देणार मी?"

म्हणजे आत यायची हवा बंद, बाहेर जायचा धूर परत. आणि या डबीएवढ्या खोलीत ही बाई रोज संध्याकाळी स्तोत्र म्हणत बसत होती.  कस्तुरीने दार सताड उघडलं.

"काकू, ऐका. हा बॉयलर डेंजरस आहे. मला आत्ता बंद करावा लागेल. कार्बन मोनॉक्साइड येतोय. त्याला वास नाही, रंग नाही. तुमचं डोकं दुखतं ना, ते त्याच्यामुळे. तुम्हाला काका दिसतात, तेही..." पुढचे शब्द तिला मराठीत सापडेनात, आणि इंग्रजीत बोलवेनात.

काकू शांतपणे स्टुलावर बसल्या.

"बाळ, तीस वर्षं गॅस देऊन माणसांना झोपवलं मी. बाहेर गेलं की डोकं उतरतं, घरात आलं की चढतं. गाल असे लाल. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

कस्तुरी पाठीने दार उघडं धरून उभी होती.

"दिवाळीच्या सुमारास कळलं," काकू म्हणाल्या. "मफलर मी काढणारही होते. हात घातला होता जाळीला. तेवढ्यात ते मागून खाकरले. दारात उभे होते गं, अगदी तिथे, तू उभी आहेस तिथे. म्हणाले, चहा झाला का?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "मरायचं नाहीये मला. थोडाच वेळ बसते रोज, मोजून. मात्रा मला कळते."

"मात्रा नाही कळणार, काकू! वारा बदलला तर एका दिवसात..."

"मग जाऊ दे."

कस्तुरीने नियम सांगितला. बॉयलर बंद करायला घरमालकिणीची परवानगी हवी, नाही मिळाली तर तिला गॅसवाल्यांच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करावा लागेल, मग ते लोक येऊन गॅसच तोडतील. काकू म्हणाल्या, कर फोन. मग म्हणाल्या, गॅसचा कॉक फिरवायला कितीसा वेळ लागतो? तू बंद कर, तू गेलीस की मी उघडीन. गॅसवाले आले तर त्यांना चहा पाजीन, आणि ते गेले की दुसरा काहीतरी मार्ग काढीन. आवाज एकदाही चढला नाही त्यांचा. वेड लागलेल्या माणसाशी भांडता येतं. पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाशी काय भांडणार?

कस्तुरीचा हात फोनवर गेला होता. तिने फोन करायला हवा होता, हे इथे स्पष्ट सांगून टाकलेलं बरं. पुढे तिने जे केलं तो शुद्ध गाढवपणा होता, आणि ती स्वतः आजही तेच म्हणते. तिने फोन बाहेर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, व्हॅनच्या किल्लीशेजारी ठेवला, खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि काकूंच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"हे काय?" काकू म्हणाल्या.

"मी पण बसते. मला पण काका आवडायचे. तुम्ही उठाल तेव्हा मी उठते."

"चावटपणा करू नकोस. ऊठ."

"तुम्ही उठा."

काकू उठल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवून स्तोत्र सुरू केलं. बॉयलर गुरगुरत होता. ज्योत तशीच वाकलेली. उदबत्तीच्या धुराची छताखाली एक पातळ चादर झाली होती आणि ती सावकाश खाली येत होती. कस्तुरीच्या कपाळावर कोणीतरी कापडी पट्टी घट्ट बांधावी तसं व्हायला लागलं. मग मळमळ. मग तीही गेली आणि एक विचित्र, सुखाचा जडपणा आला. वर पुन्हा टकटक सुरू झाली. ती नळ्यांची आहे, तिने स्वतःला सांगितलं. मग जिन्याची पायरी वाजली. जिन्यात नळ्या नव्हत्या.

दुसरी पायरी. तिसरी. स्वयंपाकघरात कोणीतरी खुर्ची सरकवली. कस्तुरीला भीती वाटायला हवी होती. तिला फक्त झोप येत होती.

स्तोत्र कधी थांबलं ते तिला कळलं नाही. काकूंचा चेहरा एकदम जवळ आला होता. त्यांनी तिचं मनगट धरलं होतं, दोन बोटं नाडीवर.

"नाव सांग तुझं."

"कस्तुरी."

"आईचं नाव?"

सोपा प्रश्न होता. भूल उतरताना हजारो माणसांना विचारलेला. कस्तुरीने आठवायचा प्रयत्न केला. तिला निळी साडी आठवली, खडू लागलेली बोटं आठवली. नाव आठवेना. काकूंच्या खांद्यावरून तिला बंद दाराजवळ एक उंच माणूस दिसत होता. गळ्यात मफलर नव्हता म्हणून त्याने कॉलर वर केली होती.

"काकू," ती समाधानाने म्हणाली, "काका आले."

आता बघा. हे एक वाक्य ऐकायला काकू किती दिवस आसुसल्या होत्या. आणखी कोणाला तरी ते दिसावेत, म्हणजे आपण वेड्या नाही, ते खरोखरच येतात. मान वळवायची तेवढी बाकी होती. पण काकूंनी मान वळवली नाही. त्या कस्तुरीच्या ओठांकडे बघत राहिल्या. तिच्या पापण्या बोटाने वर केल्या. समोर एक माणूस बुडत चाललं होतं, आणि समोर बुडणाऱ्या माणसावरून त्यांनी आयुष्यात कधी नजर काढली नव्हती.

"अगं कार्टे!" त्या ओरडल्या.

सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने गॅसचा कॉक फाडकन आडवा केला. कडी काढून दारावर लाथ घातली. कस्तुरीला काखेत धरून फरफटत स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात ओढलं आणि ओल्या, गारठलेल्या फरशीवर आडवं टाकलं. मग परत आत गेल्या आणि दोन्ही हातांनी जाळीतला मफलर उपसून काढला. दिवा वाऱ्याने विझला. त्यांनी तो पुन्हा लावला नाही.

"आईचं नाव?" त्या बाहेर येऊन दरडावत होत्या, तिच्या गालावर चापट्या मारत. "आईचं नाव सांग! सांग म्हणते ना!"

"सुनीती," कस्तुरी म्हणाली आणि झुडपात ओकली.

काकू तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या. बराच वेळ त्या नुसत्या तिला जवळ धरून हलत होत्या, आणि तोंडाने अखंड शिव्या देत होत्या, मूर्ख, बावळट, तुला काही झालं असतं तर सुनीतीला काय तोंड दाखवलं असतं मी. कस्तुरीने त्यांच्याच फोनवरून आईला बोलावलं. दोघींनाही हॉस्पिटलात नेऊन रक्त तपासायचं होतं. काकूंनी स्वतःच तसं फर्मावलं, आणि 'दोघींना' म्हणाल्या.

घरातली सगळी दारं-खिडक्या उघडल्यावर, हवा स्वच्छ झाल्याचं मीटरवर दिसल्यावर, काकू जिना चढून वर गेल्या. कस्तुरीही कठड्याला धरून मागे गेली. त्यांना एकटं सोडायची तिची छाती झाली नाही.

काकू अंधारातच खुर्ची ओढून रेडिएटरपाशी बसल्या आणि त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. पंजा नाही, फक्त दोन बोटं. उघड्या खिडकीतून गारठा आत येत होता. खालच्या नळ्या निवायला लागल्या होत्या, त्यामुळे टकटक पुन्हा सुरू झाली. आधी भराभर. मग एक, आणि थोड्या वेळाने दुसरी. मधलं अंतर वाढत गेलं. प्रत्येक टक झाली की काकूंची मान किंचित हलायची, आणि त्या पुढच्या आवाजाची वाट बघायच्या.  'काकू, ती पाइप आहे' असं सांगायला कस्तुरीने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

एक टक झाली. मग खूप वेळ काहीच नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली. मग अगदी हलकी, आणखी एक.

काकू थांबल्या. बोटं न हलवता, डोळे मिटून, मनातल्या मनात काहीतरी मोजत, नाडी थांबल्याची खात्री करताना डॉक्टर थांबतात तितका वेळ थांबल्या. मग त्यांनी बोटं उचलली.

"गेले," त्या म्हणाल्या.

कस्तुरीने जाऊन त्यांना मिठी मारली. फेब्रुवारीत सगळ्या लोकांसमोर ज्या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ती आता लहान पोरीसारखी हंबरडा फोडून रडत होती, आणि खाली दारात सुनीतीबाई घंटी वाजवत उभ्या होत्या.